घरातच फोटो-व्हिडिओचा सर्व्हर: जुना कॉम्प्युटर चालतो, पण डिस्क आणि विजेची सोय आधी बघा

‘स्टोरेज फुल’ हा मेसेज आता बहुतेक सगळ्यांच्याच फोनवर येऊन गेलेला असतो. मग डिलीट करायला सुरुवात होते. आधी गुड मॉर्निंगचे फोटो, मग जत्रेचे व्हिडिओ, आणि घाईघाईत कधीतरी आजीच्या शेवटच्या दिवाळीचेही. फोन विहिरीत पडला, चोरीला गेला किंवा डिस्प्लेसकट मेला, तर डिलीट करण्याचीही वेळ येत नाही.

गुगलवर ठेवावं तर तिथं जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट असतात. आधी फोटो थोडे बारीक करून कितीही ठेवता यायचे, ती सोय १ जून २०२१ पासून नव्या फोटोंसाठी बंद झाली. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. सलग दोन वर्षं अकाउंट वापरलंच नाही तर गुगल ते फोटोंसकट काढून टाकू शकतं. घरातला माणूस वारला, त्याचा फोन कपाटात ठेवला, अकाउंटकडे कुणी बघितलं नाही, तर त्या माणसाचे फोटोही जाऊ शकतात.

याला घरच्या घरी उपाय आहे. एक कॉम्प्युटर, त्यात एक-दोन मोठ्या हार्ड डिस्क, आणि तो वायफाय राउटरला वायरने जोडलेला. घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री आपोआप त्यावर फोटो टाकतात, आणि टीव्हीवर त्यातलेच लग्नाचे, कीर्तनाचे, गॅदरिंगचे व्हिडिओ लावता येतात. याला नॅस म्हणतात, व्हिडिओसाठी वापरला की मीडिया सर्व्हर. गावासाठी सोयीची बाब म्हणजे घरातल्या घरात वापरायला इंटरनेट लागत नाही. फायबर तुटून चार दिवस नेट बंद असलं तरी राउटर चालू असेपर्यंत सगळं चालतं.

सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा कंपन्यांचे तयार डबे मिळतात. ते चांगले असतात, पण डिस्क वेगळी घ्यावी लागते आणि डिस्क नसलेल्या रिकाम्या डब्याचीच किंमत सेकंडहँड ऑफिस कॉम्प्युटरपेक्षा बरीच जास्त पडते. म्हणून पुढची माहिती घरी जोडणी करणाऱ्यांसाठी.

आधी जागेचा हिशोब

फोनचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. म्हणजे २० हजार फोटो धरले तरी ८०-१०० जीबीत बसतात. जागा खातात ते व्हिडिओ. फोर-के शूटिंगला फोनच्या सेटिंगप्रमाणे मिनिटाला १७० ते ४०० एमबी लागतात, म्हणजे तासाभराचा कार्यक्रम १० ते २४ जीबीला जातो. पाच-सहा माणसांच्या घराला आज २ टीबी पुष्कळ होते, पण दोन-तीन वर्षांचा विचार करून ४ टीबी घेतलेली बरी. लग्नाच्या फोटोग्राफरचं गणित वेगळं आहे. एका सीझनचा कच्चा माल काही टीबी होतो, त्याने ८ टीबीच्या खाली बघूच नये.

डिस्क लावल्यावर ४ टीबीऐवजी ३.६३ दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, तेवढाच तो फरक.

कॉम्प्युटर कोणता?

इथं लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. फाइली साठवायला आणि द्यायला प्रोसेसरला फारसं काम नसतं, दहा-बारा वर्षांपूर्वीचा आय-थ्रीसुद्धा ते आरामात करतो. गेमिंगचा नवा प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, चमकणारे पंखे यांचा इथं काडीचा उपयोग नाही.

प्रोसेसर महत्त्वाचा होतो तो एकाच ठिकाणी. टीव्हीला किंवा फोनला एखादा व्हिडिओ जसाच्या तसा चालवता येत नसेल, तर सर्व्हरला तो चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात बदलून द्यावा लागतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. हे काम इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक भागावर टाकलं की मशीन थंड राहतं, नुसत्या प्रोसेसरवर टाकलं की पंखा ओरडायला लागतो आणि व्हिडिओ अडखळतो. साधा एच २६४ प्रकारचा व्हिडिओ दुसऱ्या जनरेशनपासूनचे इंटेल प्रोसेसर असे बदलू शकतात. आजकालचे बरेच फोन मात्र एचईव्हीसी म्हणजे एच २६५ प्रकारात शूटिंग करतात. त्यासाठी निदान सहावी जनरेशन लागते, आणि त्यातला १० बिटचा प्रकार हवा असेल तर सातवी. घरचा टीव्ही नवा असेल आणि तो एचईव्हीसी थेट चालवत असेल, तर ट्रान्सकोडिंगची गरजच पडत नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवर फोनचा एक व्हिडिओ घेऊन टीव्हीला लावून बघावा. चालला, तर जुन्यातला जुना कॉम्प्युटरही पुरतो.

जनरेशन ओळखायला प्रोसेसरचा नंबर बघावा. आय-फाइव्ह ७५०० म्हणजे सातवी, आय-फाइव्ह १०४०० म्हणजे दहावी. नंबरच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल तर त्यात ग्राफिक भाग नसतो, तो या कामाला घेऊ नये.

सध्या जुन्या मशीनच्या गिऱ्हाइकासाठी वेळ चांगली आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला कंपनीच्या नियमाप्रमाणे इंटेलची साधारण आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. त्यामुळे बँका, कंपन्या, ऑफिसं सहाव्या-सातव्या जनरेशनचे चांगले चालणारे कॉम्प्युटर काढून टाकतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही नावं रिफर्बिश्ड मालाच्या दुकानात हमखास दिसतात. घरच्या सर्व्हरवर विंडोज लागतच नाही, लिनक्स चालतं, त्यामुळे हेच मशीन आपल्याला पुढं बरीच वर्षं पुरतं.

फक्त डबा कोणत्या आकाराचा घ्यायचा ते बघावं. याच मॉडेलमध्ये जाडजूड पुस्तकाएवढा एक छोटा प्रकार येतो. वीज सगळ्यात कमी खातो, पण आत लॅपटॉपची एकच छोटी डिस्क बसते. मोठ्या डिस्कसाठी निदान आडवा स्लिम डबा घ्यावा, त्यात ३.५ इंचाची एक तरी बसते. दोन मोठ्या डिस्क लावायच्या असतील तर उभा टॉवर. दुकानात झाकण उघडून दाखवायला सांगावं आणि डिस्क ठेवायची जागा, मदरबोर्डवरचे साटा पोर्ट आणि एसएमपीएसमधून येणाऱ्या साटा पॉवरच्या पिना, तिन्ही मोजाव्यात. ब्रँडेड मशीनचा एसएमपीएस पुष्कळदा खास त्याच मॉडेलचा असतो. तो जळाला की बाजारातला साधा बसत नाही. पिना कमी पडल्या म्हणून जुन्या मोठ्या चार पिनच्या प्लगवरून साटा करणारं स्वस्त कन्व्हर्टर लावतात. त्यातल्या प्लास्टिक ओतून बनवलेल्या मोल्डेड प्रकारात आत वायरी एकमेकींना चिकटून जळाल्याचे प्रकार होतात. पाचपन्नास रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

घरातलाच असेम्बल केलेला जुना टॉवर वापरायचा असेल तर दोन गोष्टी आधी बदलाव्यात. एक म्हणजे हलका, बिननावाचा एसएमपीएस. दुसरी म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२ नावाची. ती संपलेली असेल तर लाइट जाऊन आल्यावर घड्याळ मागं जातं आणि कॉम्प्युटर ‘एफ वन दाबा’ म्हणत तसाच थांबून राहतो. मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर हे कुणाला कळतही नाही, आणि महिनाभर फोटोंचा बॅकअप होत नाही.

रॅम ८ जीबी असली की काम होतं. ओपन मीडिया व्हॉल्ट हे फुकट लिनक्स त्याहून कमीतही चालतं, ट्रूनॅसला निदान ८ लागतेच. ईसीसी नावाची चूक दुरुस्त करणारी महाग रॅम असली तर उत्तम, पण नसली म्हणून घरच्या कामाचं अडत नाही. सिस्टिमसाठी १२० किंवा २५६ जीबीची छोटी एसएसडी वेगळी ठेवावी, म्हणजे सिस्टिम बिघडली तरी फोटोंच्या डिस्कला हात लागत नाही.

रास्पबेरी पायचं नाव यूट्यूबवर फार ऐकू येतं. वीज अगदी थोडी लागते हे खरं. पण त्याच्या यूएसबीतून मिळणारा करंट मर्यादित असतो. पाय-फोरला सगळे पोर्ट मिळून १.२ अँपिअर. दोन पोर्टेबल डिस्क त्यावरच चालवल्या तर चालू-बंद होत राहतात आणि फाइली खराब होतात. बाहेरून वेगळी पॉवर दिलेली डिस्क असेल तरच तो विचार करावा. इंटेल एन १०० वाले नवे छोटे डबे जास्त उपयोगी आहेत, ट्रान्सकोडिंगही छान करतात. मात्र बहुतेकांत ३.५ इंचाची डिस्क बसत नाही.

बिलात किती भर पडेल?

सर्व्हर चोवीस तास चालतो, त्यामुळे फुकट मिळालेला कॉम्प्युटर फुकट पडेलच असं नाही. खूप जुना डेस्कटॉप नुसता बसूनही ६० वॅट खातो. दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३. हेच सातव्या जनरेशनच्या छोट्या डब्याला १५ वॅट लागले तर महिन्याला ११ युनिट. ३.५ इंचाची प्रत्येक डिस्क फिरत असताना साधारण ५ ते ७ वॅट घेते, म्हणजे आणखी चार-पाच युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटनंतरचा टप्पा बराच महाग आहे. ज्या घराचं बिल ८०-९० युनिटवर थांबतं, त्या घरात जुनं धूड लावलं की वरचे युनिट महाग दराने लागतात. त्यामुळे दोन वर्षांच्या बिलाचा फरक धरला तर पैसे देऊन घेतलेला नवा-जुना डबा पुष्कळदा स्वस्त पडतो.

मशीन किती खातं ते मोजायला वेगळं यंत्र नसलं तरी चालतं. मीटरवर ‘इम्प’ शब्दाजवळ एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त कॉम्प्युटर चालू ठेवावा आणि दहा मिनिटांत लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावं. ३२०० च्या मीटरवर दहा मिनिटांत जितक्या वेळा लुकलुकेल त्याच्या दुपटीहून थोडे कमी तेवढे वॅट. आठ वेळा लुकलुकला तर १५ वॅट.

डिस्क घेताना

खरा माल इथं राहणार असतो, म्हणून वाचवलेले पैसे इथं लावावेत.

हार्ड डिस्कमध्ये लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाच्या ओळी शेजारी शेजारी, सुट्या असतात. एसएमआरमध्ये कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं इथंही होतं. थोडं लिहायचं असेल तोवर कळत नाही. पाच-सहाशे जीबी एकदम टाकायला घेतलं की वेग पार खाली येतो, आणि दोन डिस्कची जोडी करून एक बिघडल्यावर दुसरी नव्याने भरताना काम फार लांबतं. सतत चालणाऱ्या सर्व्हरला सीएमआरच घ्यावी.

अडचण अशी की हे डब्यावर लिहिलेलं नसतं. २०२० साली तर नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलमध्येच एसएमआर असल्याचं उघड झालं आणि जगभर बोंब झाली. त्यानंतर कंपनीने सीएमआरला ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. आज नाव बघून घ्यायचं तर डब्ल्यूडी रेड प्लस आणि सीगेट आयर्नवुल्फ या दोन्ही सीएमआर आहेत, आणि दोन्हींना ३ वर्षांची वॉरंटी असते. सीगेट बाराकुडाच्या २ टीबी आणि पुढच्या बऱ्याच साध्या डेस्कटॉप डिस्क एसएमआर आहेत. लॅपटॉपच्या आकाराच्या १ टीबी आणि वरच्या बहुतेक डिस्क, तसंच बाजारातल्या छोट्या पोर्टेबल डिस्क, त्याही एसएमआरच. पक्की खात्री डिस्कच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्या वेबसाइटवर होते.

तालुक्याच्या ठिकाणी नॅसची डिस्क मिळणं कठीण. सीसीटीव्हीच्या दुकानात मात्र डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक सहज मिळतात. या चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि घरच्या सर्व्हरला चालतात. नॅसची मिळाली नाही तर साध्या डेस्कटॉप डिस्कपेक्षा ही बरी. मॉडेल नंबर इथंही तपासावा.

जुनी डिस्क घ्यावी का? डीव्हीआरमधून काढलेली डिस्क स्वस्तात मिळते. पण ती तीन वर्षं कॅमेऱ्याला लागलेली असेल तर २६ हजार तास फिरलेली असते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून ‘पॉवर ऑन अवर्स’ बघावेत. त्याहून महत्त्वाचे दोन आकडे म्हणजे ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’. हे शून्य नसतील तर डिस्क परत द्यावी, भाव कितीही पाडून मिळत असला तरी. ‘सीआरसी एरर’ वाढलेले असतील तर पुष्कळदा दोष डिस्कचा नसून साटा केबलचा असतो.

तासांचा आकडाही डोळे झाकून खरा धरता येत नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या डिस्क आकडा शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं. हा उद्योग मधल्या विक्रेत्यांचा होता, आणि आत जपून ठेवलेल्या दुसऱ्या नोंदीवरून तो पकडला गेला. आपल्याकडे खबरदारी एवढीच की बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि पैसे देण्याआधी तो कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघावा. परदेशातून आलेल्या काही डिस्कला भारतात वॉरंटी लागू नसते, तेही तिथंच कळतं. आणि वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुनीतले फोटो मिळत नाहीत. ते काढून देणारी लॅब मोठ्या शहरात असते आणि तिचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट होऊ शकतो.

लाइट, व्होल्टेज आणि उन्हाळा

गावात डिस्कचा खरा शत्रू म्हणजे वीज. लिहिणं चालू असताना लाइट गेली की अर्धवट फाइल राहते, आणि दिवसातून चार-पाच वेळा असं झालं की पूर्ण फोल्डर उघडेनासा होऊ शकतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे डीपीवर किंवा लाइनवर न्यूट्रल तुटणं. तेव्हा घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं, आणि टीव्ही, फ्रीजबरोबर कॉम्प्युटरही जातो. साधा स्पाइक बोर्ड अशा वेळी वाचवत नाही. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असंच समजावं.

कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस या कामाला पुरतो. १५-२० वॅटचा सर्व्हर त्यावर अर्ध्या तासाच्या आसपास निघू शकतो, बॅटरी नवी असेल तोवर. यूएसबी पोर्ट असलेलं मॉडेल मिळालं तर जास्त चांगलं, कारण मग बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. स्वस्त मॉडेलमध्ये हा पोर्ट नसतो. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर लावावा.

ज्यांच्याकडे घरचा इन्व्हर्टर आहे त्यांनी मागचं बटण बघावं. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतात. इको मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला वेळ लागतो. पंख्याला, बल्बला फरक पडत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडमध्ये हा बदल पटकन होतो. पण त्याचीही एक मेख आहे. या मोडमध्ये साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची वीज इन्व्हर्टर घेत नाही. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की ज्या वस्तीत व्होल्टेज १६० वर येतं, तिथं इन्व्हर्टर तासन् तास बॅटरीवरच राहील आणि ऐनवेळी बॅटरी रिकामी सापडेल. अशा ठिकाणी इन्व्हर्टर इकोवरच ठेवून सर्व्हरला वेगळा छोटा यूपीएस देणं सोयीचं.

बायॉसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’ नावाची सेटिंग असते. ती ‘पॉवर ऑन’ला ठेवली की लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं. नाहीतर शेतातून आल्यावर कुणीतरी बटण दाबेपर्यंत ते बंदच.

आता उन्हाळा. डिस्क ६० अंशांपर्यंत चालते असं कंपन्या लिहितात, पण ४५ च्या खाली राहिलेली चांगली. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच ४४ असतं. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा बंद कपाटात सर्व्हर ठेवला तर तो तापणारच. घरातली सगळ्यात थंड खोली, जमिनीपासून हातभर वर, आणि डिस्कसमोर एक साधा पंखा एवढं पुरतं. धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नये, उंदीर वायरी कुरतडतात. मुंग्या आणि पाली गरम एसएमपीएसमध्ये जाऊन बसतात, त्यामुळे मागच्या उघड्या पट्ट्या झाकून घ्याव्यात. हवेच्या जाळ्या मात्र मोकळ्या राहू द्याव्यात.

राउटर आणि केबल

सर्व्हर वायफायवर ठेवू नये, लॅन केबलने राउटरला जोडावा. राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला ११ एमबीच जातात आणि १ टीबी भरायला २५ तास लागतात. गिगाबिट पोर्ट असेल तर तेच काम अडीच-तीन तासांत होतं. नेट कंपनीने बसवलेल्या स्वस्त डब्यांत कधी एकच पोर्ट गिगाबिटचा असतो, तो सर्व्हरला द्यावा. केबल कॅट-फाइव्ह-ई किंवा कॅट-सिक्स, आठही तारा जोडलेली. चारच तारा क्रिंप केल्या तर वेग १०० वरच अडकतो. सीसीटीव्हीची थ्री प्लस वन वायर याला चालत नाही.

फोटोंसाठी इमिच आणि व्हिडिओसाठी जेलीफिन ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यांचं अ‍ॅप फोनमध्ये टाकता येतं. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलाला गावचे फोटो बघायचे असतील तर राउटरचे पोर्ट उघडून ठेवू नयेत, टेलस्केलसारखं अ‍ॅप वापरावं. बऱ्याच नेट कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, तिथंही ते चालतं.

दुसरी प्रत

दोन डिस्क लावून दोन्हींवर एकच माल ठेवण्याला मिररिंग म्हणतात. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, एवढाच त्याचा फायदा. घरातल्या लहानग्याने फोल्डर डिलीट केला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो. वीज पडली किंवा चोराने डबाच उचलला तर दोन्ही एकदम जातात. त्यामुळे दोन डिस्कचेच पैसे असतील तर दोन्ही एकाच डब्यात बसवण्यापेक्षा एक सर्व्हरमध्ये आणि एक बाहेर ठेवलेली जास्त कामाची. महिन्या-दोन महिन्यांनी ती जोडायची, नवे फोटो उतरवायचे, काढायची, आणि दुसऱ्या घरी ठेवायची. भावाकडे, मामाच्या गावाला, जिथं नेहमी जाणं-येणं आहे तिथं. ही दुसरी डिस्क कधीमधीच भरायची असल्याने एसएमआर पोर्टेबल असली तरी चालते. एसएसडी मात्र यासाठी नको, विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला डेटा जाऊ शकतो.

लग्नाच्या फोटोग्राफरसाठी हे जास्तच लागू आहे. गिऱ्हाइकाला अल्बम दिल्यावर कार्ड रिकामं होतं आणि मूळ फोटो एकाच डिस्कवर उरतात. हळद, सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही. अ‍ॅडव्हान्स घेतानाच डिस्कच्या दोन प्रतींचा खर्च दरात धरलेला बरा.

नवी डिस्क घरी आली की त्यावर लगेच फोटो टाकू नयेत. आधी ‘लाँग सेल्फ टेस्ट’ लावावी. ४ टीबीला सात-आठ तास सहज लागतात, म्हणून रात्री लावून झोपावं. सकाळी वर सांगितलेले दोन्ही आकडे शून्य आहेत का ते बघावं. मग मोठ्या फाइलींनी ती एकदा काठोकाठ भरून, पुन्हा रिकामी करून घ्यावी. ऑनलाइन मागवलेल्या डिस्कला परत करायची मुदत काही दिवसांचीच असते, त्या मुदतीत ही तपासणी उरकायची. पार्सलचा खोका, आतला फोम आणि बिल तोवर फेकू नये. डिस्क नुसत्या कागदी पाकिटात किंवा पातळ बबल पिशवीत आली असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा आणि टेस्ट न लावताच परत करावी.